दात काढल्यावर जबड्याचे हाड टिकवणे : हाडाची पावडर केव्हा भरावी आणि केव्हा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरच्या समोरच्या डाव्या पटाशीच्या दाताचे बारा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झाले, मुळात पोस्ट (कॅपला आधार देणारी दांडी) घालून वर कॅप बसवली. गेले वर्षभर त्या दातावरच्या हिरडीवर पुळी येते, फुटते आणि पुन्हा येते. मुळाला उभी चीर गेली आहे असे डॉक्टरांनी सांगितले असून, दात काढून त्याच बैठकीत खोबणीत ‘हाडाची पावडर’ भरावी आणि चार-पाच महिन्यांनी इम्प्लांट (हाडात बसवायचे कृत्रिम मूळ) बसवावे असा सल्ला दिला आहे. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे वय ४१ आहे. त्यांच्या शंका चार : हाड आपोआप भरून येत असताना पावडरीचा खर्च कशासाठी, ही पावडर कशाची असते, कारण घर पूर्ण शाकाहारी आहे, सध्या नुसता दात काढून इम्प्लांटचे पुढच्या वर्षी पाहिले तर चालेल का, आणि ६८ वर्षांच्या आईची खालची दाढ काढायची आहे, तिच्याही खोबणीत असेच काही भरून घ्यावे का. आईला मधुमेह आहे, आणि हाडे ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एकदा तिला शिरेतून इंजेक्शन देतात.

हे शेवटचे वाक्य ताईंनी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने साऱ्या पत्रातले तेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी पहिली शंका. हाड आपोआप भरून येते हे अगदी खरे आहे. दात निघाल्यावर खोबणीत रक्ताची गुठळी धरते, आठवडाभरात तिच्या जागी लालसर कोवळी ऊती येते, चार ते सहा आठवड्यांत वरची हिरडी मिटते आणि आत कच्चे हाड तयार होऊ लागते. चार-सहा महिन्यांनी एक्स-रे काढला तर खोबण भरलेली दिसते. अडचण अशी की साधा एक्स-रे समोरून काढलेला असतो आणि त्यात हाडाची जाडी दिसतच नाही. शेतात खड्डा भरावा आणि त्याच पावसाळ्यात शेजारचा बांध खचावा, तसे येथे होते. खोबण आतून भरते, पण ओठाच्या बाजूची भिंत विरघळून आत सरकते. हिरडीवरून बोट फिरवले की दात होता तेथे खळगा लागतो, तो याचमुळे.

ही भिंत का विरघळते, हे समजले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. दाताचे मूळ हाडात थेट रुतलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो आणि त्या तंतूंची बाहेरची टोके खोबणीच्या अस्तरात घुसलेली असतात. अस्तराच्या या हाडाला आम्ही बंडल बोन म्हणतो. ते दातासाठी असते आणि दाताबरोबरच जाते. टाळूच्या बाजूची भिंत जाड असल्यामुळे अस्तर गेले तरी मागे पुरेसे हाड शिल्लक राहते. ओठाच्या बाजूची भिंत मात्र वरच्या समोरच्या दातांपाशी बहुतेकांमध्ये एक मिलिमीटरपेक्षा पातळ असते, कित्येकदा अर्धा मिलिमीटर. म्हणजे हिरडीकडच्या कडेला ती जवळजवळ सगळीच अस्तराची बनलेली असते. अस्तर गेले की भिंतच गेली. स्वीडनमधील लिंडे आणि त्यांचे सहकारी अराउजो यांनी २००५ मध्ये कुत्र्यांच्या जबड्यांवर केलेल्या अभ्यासात हा क्रम आठवड्यागणिक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, आणि त्यानंतर या विषयाकडे पाहण्याची आमची रीतच बदलली. शिवाय या पातळ भिंतीत स्वतःचा मगज फारसा नसतो. तिला रक्त मिळते ते एका बाजूने तंतूंच्या थरातून आणि दुसऱ्या बाजूने हाडावरच्या पातळ आवरणातून. दात काढताच पहिला पुरवठा तुटतो. हिरडी कापून उचलली तर काही काळ दुसराही तुटतो.

किती हाड जाते, याचे एक मोजमाप वारंवार दिले जाते. डेन्मार्कमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाढा आणि उपदाढा काढलेल्या जागी जबड्याच्या वरंब्याची रुंदी वर्षभरात सरासरी १२ मिलिमीटरवरून सुमारे ६ मिलिमीटरवर आली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. पुढच्या दातांपाशी मुळात रुंदीच कमी, त्यामुळे तेथे हिशेब अधिक आखडता असतो. इम्प्लांटचा व्यास ४ मिलिमीटर धरा, ओठाच्या बाजूला किमान दीड ते दोन मिलिमीटर हाड हवे, टाळूच्या बाजूला एक. म्हणजे सात मिलिमीटरच्या आसपास रुंदी लागते. ती पाचवर आली की इम्प्लांट बसतच नाही असे नाही, पण मग हाड वाढवण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते किंवा इम्प्लांट टाळूकडे सरकवावे लागते, आणि मग दात लांब व हिरडीत खोचल्यासारखा दिसतो.

आता पावडर काय करते ते पाहू. पावडरीने हाड उगवत नाही, आणि आमच्याच व्यवसायातले काही जण ते उगवते अशा थाटात सांगतात म्हणून हे स्पष्ट लिहितो. द्राक्षाच्या वेलीला मांडव घातला म्हणजे वेल उगवत नाही. ती तिच्या मुळावर आणि पाण्यावर वाढते. मांडव असला की ती जमिनीवर लोळत नाही, एवढेच. हे दाणे खोबणीत जागा धरून ठेवतात, रक्ताची गुठळी आक्रसू देत नाहीत, आणि खोबणीच्या भिंतींतून येणाऱ्या हाडाच्या पेशी त्यांच्या आधाराने आत सरकतात. म्हणूनच खोबणीच्या भिंती जितक्या शाबूत, तितके पावडरीचे काम चांगले. बंडल बोन पावडर भरूनही जायचे ते जातेच; पण भिंत आत कोसळण्याऐवजी बाहेरचा आकार बऱ्याच अंशी टिकतो. न भरलेल्या खोबणीशी तुलना केली तर रुंदीत आणि उंचीत सरासरी एक ते दोन मिलिमीटर घट वाचते, असे वेगवेगळ्या अभ्यासांचे एकत्र सार निघते. ज्या कॉक्रेन संस्थेचे आढावे आम्ही प्रमाण मानतो, तिनेही फायद्याचा कल असाच दाखवला आहे, पण पुराव्याची प्रत कमकुवत आहे असेही त्याच आढाव्यात बजावले आहे.

एक-दोन मिलिमीटर म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, असे कोणी म्हणेल. खालच्या दाढेपाशी मलाही बऱ्याचदा तसेच वाटते. तेथे दहा-अकरा मिलिमीटर रुंदीचा वरंबा असेल आणि चारही भिंती धडधाकट असतील तर मी पुष्कळदा काही न भरता टाके घालून रुग्णाला घरी पाठवतो. अक्कलदाढ काढल्यावर तर इम्प्लांटचा प्रश्नच नसतो, तेव्हा खोबण भरण्याचे सहसा कारण नाही. दात सरळ करण्यासाठी तारा लावताना उपदाढा काढतात, तेथे शेजारचे दात त्याच जागेत सरकवायचे असतात. तेथे पावडर भरणे म्हणजे स्वतःच्याच वाटेत दगड टाकणे. वरच्या समोरच्या दातापाशी मात्र सगळा खेळच त्या एक-दोन मिलिमीटरचा आहे. हसताना हिरडी दिसत असेल, तर आणखीच. वरच्या दाढांचे कारण वेगळे : त्यांच्या मुळांच्या वर सायनसची पोकळी असते, आणि दाढ गेल्यावर वरून पोकळी खाली येते व खालून हाड वर जाते, त्यामुळे उंची दोन्हीकडून खाल्ली जाते.

परंतु पावडर भरण्यापेक्षा दात कसा काढला, याला मी अधिक वजन देतो. हे मी अनुभवाने शिकलो, आणि तो अनुभव मला फारसा भूषणावह नाही. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एका तरुण मुलीचा वरचा पटाशीचा दात मी काढला. मूळ हिरडीच्या खाली तुटले होते आणि चिमट्यात येत नव्हते. घाई होती, बाहेर चार माणसे बसलेली. मी हिरडी उचलली, ओठाच्या बाजूचे हाड बरने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या कापणीच्या हत्याराने, कापले आणि पाच मिनिटांत मूळ बाहेर काढले. त्या वेळी स्वतःच्या वेगाचे कौतुकही वाटले. त्यानंतर कॉलेजात शिकवल्याप्रमाणे अंगठा आणि तर्जनीने खोबणीच्या दोन्ही भिंती दाबून जवळ आणल्या. वर्षाने ती इम्प्लांटसाठी आली तेव्हा तेथे वरंबा उरलाच नव्हता, विळ्याच्या पात्यासारखी हाडाची धार होती. तिच्या हनुवटीतून हाडाचा तुकडा काढून दोन बारीक स्क्रूंनी तेथे बसवावा लागला, नंतर कित्येक महिने थांबावे लागले, आणि हनुवटीपाशी बधिरपणा तिला बराच काळ जाणवत राहिला. ते सगळे माझ्या त्या पाच मिनिटांपायी. खोबण दाबण्याची ती जुनी शिकवण रक्तस्राव थांबवण्यासाठी आणि कवळीची वाट सोपी करण्यासाठी होती. जेथे इम्प्लांट बसवायचे आहे तेथे ती उलटी पडते.

आज हेच काम मी कसे करतो, ते थोडे तपशिलाने सांगतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल. हिरडी कापून उचलत नाही. पेरिओटोम नावाचे पातळ पात्याचे हत्यार दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत घालतो, टाळूच्या आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या बाजूने; ओठाच्या बाजूने शक्यतो नाहीच. पाते थोडे आत सरकवायचे, धरून ठेवायचे, वाट पाहायची. तंतू एकेक करून तुटतात आणि फटीतून रक्ताची बारीक रेघ वर येते. मूळ सैल होत असल्याची ती खूण. एकाच मुळाच्या दाताला कधी वीस मिनिटे लागतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला डॉक्टर काहीच करत नाही असे वाटते. अनेक मुळांच्या दाढेची मुळे बरने आधी एकमेकांपासून तोडून वेगळी करतो आणि एकेक काढतो. दात निघाला की सडकी ऊती खरवडून काढायची, सलाइनने धुवायचे, आणि मग टोकाला मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई आत घालून चारही भिंती चाचपायच्या. हे चाचपणे झाल्याशिवाय पावडरीचे पाकीट फोडू नये. अर्धा ग्रॅमची कुपी असते. दाणे पाव ते एक मिलिमीटरचे, दिसायला थेट रव्यासारखे. छोट्या वाटीत रुग्णाच्याच रक्तात किंवा सलाइनमध्ये कालवले की ओल्या वाळूसारखे एकमेकांना धरून राहतात. खोबणीत ते हलक्या हाताने भरायचे, कोंबायचे नाहीत. दाण्यांच्या मधून रक्तवाहिन्यांना वाट राहिली पाहिजे. वरून दाणे झाकणारा पातळ पडदा, आणि तो जागेवर राहील असे आडवे टाके.

ताई, तुमच्या बाबतीत खरा प्रश्न चाचपण्याच्या त्या क्षणाला आहे. मुळाला उभी चीर गेली की चिरेच्या रेषेवरचे हाड वर्षभरात खाल्ले जाते, आणि वरचेवर येणारी पुळी बहुधा त्याचीच खूण असते. म्हणजे ओठाच्या बाजूच्या भिंतीत फट पडलेली असण्याची, किंवा ती बरीचशी गेलेली असण्याची शक्यता बरीच आहे. अशा वेळी नुसती पावडर भरली तर ती हिरडीच्या बाजूने बाहेर ढकलली जाते आणि हिरडीच्या पेशी आत घुसतात. त्यासाठी भिंतीच्या जागी पडदा उभा करून मग भरावे लागते, आणि फट रुंद असेल तर आज नुसता दात काढून, सहा ते आठ आठवड्यांनी हिरडी मिटल्यावर, उघडून हाडाचे काम करणे अधिक सुरक्षित. दात काढायच्या दिवशी ताजा पू येत असेल किंवा सूज असेल, तर माझ्या हातून त्या दिवशी पावडर भरली जाणार नाही. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आधी करून घ्यावा, त्यात भिंतीची कल्पना येते. मात्र तुमच्या मुळात धातूची पोस्ट असेल तर तिच्या चकाकीमुळे नेमकी ती बाजू धूसर दिसते, म्हणून स्कॅनवर पूर्ण विसंबून राहता येत नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना एवढेच विचारा : भिंत शाबूत निघाली तर काय करणार, आणि नसली तर काय? दोन्हींची उत्तरे वेगळी आली तर माणूस जाणकार आहे. ‘पावडर भरून टाकू’ हे एकच उत्तर दोन्हीकडे आले, तर मी आणखी एखाद्याचे मत घेतले असते.

दात काढल्याबरोबर लगेच इम्प्लांट घालणे हाही एक मार्ग आहे, आणि जाड भिंत व निरोगी खोबण असेल तर तो चांगला आहे. पण इम्प्लांट घातल्याने ओठाच्या बाजूचे हाड आपोआप टिकते हा समज चुकीचा निघाला आहे. तेथेही इम्प्लांट आणि भिंत यांमधली फट भरावी लागते. मुळाची ओठाकडची कपची मुद्दाम आत ठेवून तिच्या तंतूंच्या आधाराने भिंत जगवण्याची एक पद्धत जर्मनीत ह्युर्त्सेलर यांनी २०१० मध्ये मांडली. कल्पना हुशारीची आहे, पण चिरलेल्या आणि पू धरलेल्या मुळाला ती लागू नाही.

दुसरी शंका सामग्रीची, आणि ती विचारली हे फार बरे केले. पावडरी चार प्रकारच्या असतात. स्वतःच्याच जबड्यातून खरवडलेले हाड. मृत्यूनंतर दान केलेल्या किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी हाडावर प्रक्रिया करून केलेली. जनावराच्या, मुख्यतः गोवंशाच्या आणि काही कंपन्यांच्या बाबतीत डुकराच्या हाडापासून केलेली. आणि पूर्ण कृत्रिम, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटची किंवा बायोॲक्टिव्ह काचेची. जगभर खोबणी भरण्यासाठी सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो गोवंशीय पावडरीचा. तिच्यातला सेंद्रिय भाग काढून टाकून फक्त खनिज सांगाडा ठेवलेला असतो, ती फार सावकाश विरघळते, आणि वर्षांनंतरही तिचे दाणे नव्या हाडात अडकलेले सापडतात. आकार टिकवायला हा सावकाशपणा कामी येतो. मानवी हाडाची पावडर तुलनेने लवकर बदलली जाते, म्हणून तेथे इम्प्लांट तीन-चार महिन्यांत बसवता येते, गोवंशीय असेल तर मी पाच-सहा महिने थांबतो. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊती-पेढी १९८८ पासून काम करते. दान केलेले हाड आणि बाळंतपणात पडणारी वार यांवर प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ती पुरवते, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी दंतवैद्यांनी पहिली पावडर तेथूनच आणलेली आहे.

आमच्याकडे रुग्णाला हे न सांगता भरण्याची जुनी सवय आहे. ती मला मान्य नाही. शाकाहारी घरातल्या बाईंना गाईच्या हाडाचे दाणे जबड्यात आहेत हे सहा महिन्यांनी बिलावरून कळावे, यासारखी विश्वास तोडणारी दुसरी गोष्ट नाही. तुम्ही सरळ विचारा आणि पाकिटावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. पण एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पावडर कृत्रिम निवडली तरी वरचा पडदा कोलॅजेनचा असतो, आणि कोलॅजेन हे डुकराचे किंवा गोवंशाचेच. तोही चालणार नसेल तर विरघळणाऱ्या कृत्रिम पॉलिमरचा पडदा मिळतो, किंवा दाट टेफ्लॉनचा, जो उघडा राहिला तरी चालतो आणि साधारण महिन्याभराने चिमट्याने ओढून काढता येतो. टाक्यांचेही तसेच : कॅटगट आतड्यांपासून करतात, आणि माझ्या काही जैन रुग्णांनी रेशमाच्या टाक्यालाही नकार दिलेला आहे, तेव्हा मी नायलॉन वापरले. कृत्रिम पावडरीने काम बिघडते असे नाही. शाबूत भिंतींच्या खोबणीत मी ती निर्धास्त वापरतो. भिंत गेलेली असेल तेथे मात्र माझा कल मानवी हाडाच्या पावडरीकडे असतो, आणि दात्याने स्वेच्छेने दिलेले हाड पुष्कळ शाकाहारी कुटुंबांना पटते, असे मी पाहिले आहे.

पीआरएफ, म्हणजे रुग्णाच्याच रक्तापासून केलेली गुठळी, हिचाही उल्लेख कदाचित तुमच्यापाशी होईल. तुमच्याच हातातून दहा मिलिलिटरच्या काही नळ्या रक्त घेतात, त्यात गोठू न देणारे औषध घालत नाहीत, आणि लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटे फिरवतात. मधोमध पिवळसर, जेलीसारखी गुठळी तयार होते. फ्रान्समधील शुक्रून यांनी २००१ मध्ये ही पद्धत आणली. हिरडी लवकर मिटते, दुखणे कमी राहते, पूर्णपणे स्वतःचे असल्याने धर्माचा वा आहाराचा प्रश्न येत नाही. एकट्या पीआरएफने हाडाची रुंदी पावडरीइतकी टिकते असे मात्र मी म्हणणार नाही. दाण्यांत मिसळायला आणि वरून झाकायला ते उत्तम.

तिसरी शंका, वर्षभर थांबण्याची. इम्प्लांट पुढच्या वर्षी बसवायचे असले तर हरकत नाही. उलट थांबायचेच असेल तर खोबण भरून ठेवण्याचे कारण वाढते. न भरता थांबलात, तर पहिल्या तीन महिन्यांत जे जायचे ते जाईल आणि मग वर्षाने हाड वाढवण्याचा खर्च पावडरीच्या कितीतरी पट असेल. इम्प्लांट करायचेच नाही, शेजारच्या दोन दातांना धरून ब्रिज करायचा असे ठरले, तरी समोरच्या दातापाशी खळगा पडला की ब्रिजच्या दाताखाली काळी फट दिसते. तेथेही मी भरण्याचा सल्ला देतो. काढघाल करता येणारा दातच लावायचा असेल, तर त्याची गरज बरीच कमी होते.

मधल्या काळात लावायच्या तात्पुरत्या दाताकडे कोणी लक्ष देत नाही आणि तेथेच काम बिघडते. काढघालीचा तात्पुरता दात हिरडीवर टेकून दाबत असेल तर खालचे दाणे आणि पडदा हलतात. तो शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला असावा, किंवा हिरडीपासून एक-दोन मिलिमीटर वर उचललेला. पहिले चोवीस तास जोरात थुंकायचे नाही, स्ट्रॉने काही प्यायचे नाही, ओठ ओढून आरशात टाके पाहायचे नाहीत. हे शेवटचे सगळे जण करतात. दुसऱ्या दिवसापासून क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या चुळा, खळखळून नव्हे, नुसते तोंडात धरून सोडून द्यायचे. पहिल्या आठवड्यात रव्यासारखे पाच-सहा दाणे जिभेवर आले तर घाबरू नये, ते वरचे सैल दाणे असतात. पडदाच निघाला, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी कानाकडे चढू लागले, तर लगेच दाखवावे. घरात कोणाला मिश्री लावायची किंवा सिगारेटची सवय असेल आणि त्यांच्यावर असे काम ठरत असेल, तर किमान टाके निघेपर्यंत ती पूर्ण बंद. तंबाखूवाल्यांच्या खोबणी मला सर्वांत जास्त वेळा पुन्हा उघडाव्या लागल्या आहेत.

आता आईंकडे. वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे इंजेक्शन बहुधा झोलेड्रोनिक ॲसिड असावे. पण अंदाजावर जाऊ नका, नाव आणि शेवटची तारीख हाडांच्या डॉक्टरांच्या फाइलमधून लिहून आणा. दर सहा महिन्यांनी कातडीखाली घेतले जाणारे डेनोसुमॅब वेगळे आहे आणि त्याचे वेळापत्रकही वेगळे. ही औषधे हाड विरघळण्याची क्रिया थांबवतात, म्हणून मणक्याचे आणि खुब्याचे मोडणे टळते. पण खोबण बरी व्हायला जुने हाड थोडे विरघळून नवे यावे लागते, आणि नेमके तेच मंदावलेले असते. क्वचित अशा रुग्णात दात काढलेल्या जागी हाड उघडे पडते आणि आठ आठवडे उलटले तरी हिरडी त्यावर येत नाही. या आजाराकडे वैद्यकाचे लक्ष २००३ पासून वेधले गेले. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल घेतलेल्या मात्रेत हा धोका कमी असतो. कर्करोगासाठी महिन्या-महिन्याला घेणाऱ्यांमध्ये तो कितीतरी जास्त. मधुमेह ताब्यात नसेल तर त्यात भर पडते.

म्हणून आईंच्या बाबतीत माझा क्रम असा राहील. दाढ काढावीच लागेल का, हे आधी पुन्हा पाहावे. मूळ हलत नसेल तर रूट कॅनाल करून, वरचा भाग हिरडीच्या पातळीला कापून, मूळ तसेच झोपवून ठेवता येते. दात वाचला असे नाही, पण हाडाला हात लागत नाही. काढावीच लागली तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून, इंजेक्शनची पुढची तारीख हाडांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवून, कमीत कमी इजा करत काढावी आणि हिरडी टाक्यांनी मिटवावी. इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नये, विशेषतः डेनोसुमॅब असेल तर मुळीच नाही; ते चुकवल्यावर मणके दबल्याची उदाहरणे आहेत. खोबणीत पावडर भरू नये. खालच्या मागच्या दाढेच्या जागी त्या इम्प्लांट बसवणार नाहीत, तेव्हा टिकवायचे काही नाही, आणि बरे व्हायला कष्ट पडणाऱ्या खोबणीत परके दाणे घालून तिचे काम वाढवण्यात अर्थ नाही. टाके काढल्यावरही दोन महिने दर पंधरा दिवसांनी त्यांची हिरडी दाखवत राहा. घरी बॅटरीच्या उजेडात पाहताना त्या जागी पिवळट-पांढरे, नखाला कडक लागणारे काही दिसले, दुखत नसले तरीही, तर त्याच आठवड्यात दात काढणाऱ्या डॉक्टरांकडे न्या आणि सोबत इंजेक्शनचा कागद घ्यायला विसरू नका.